नापासरावांची पन्नासची लेन्स

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना मी नापासराव म्हणतो. एकदा चुकून तोंडावरच म्हणालो, तर स्वारी खूश झाली. बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून त्यांचा जन्म गेला. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येणार, मागे पांढरा दिवा, आणि बुडबुडा किंवा चीर दिसली की हे बाटली उचलून पिंपात टाकणार. कारखान्यात हे शोभतं. पण हा माणूस घरीही पट्ट्यासमोर बसल्यासारखाच वागतो. साधी बादली घ्यायला तीन खेपा घालतो आणि चौथी ती परत करायला.

त्यांची बायको इस्पितळात नर्स, म्हणून अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणते. घाईत नापासरावांच्या तोंडूनही तेच निघतं, आणि मग मी त्यांना आठवडाभर सोडत नाही.

तर या सिस्टरनी एक पुस्तक लिहिलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी कशी घ्यायची, त्याची कूस कशी बदलायची, त्याच्यावर न चिडता त्याला कसं भरवायचं, असं सगळं. प्रकाशकाला ते आवडलं. मागच्या पानासाठी त्यांनी लेखिकेचा फोटो मागितला, आणि इथेच घोडं अडलं.

घरात कॅमेरा आहे, अल्बमही भरलेले आहेत. पण त्यांत पक्षी, फाटकं, पानावरचे थेंब. सिस्टरना शोधायला गेलात तर एका साळुंकीच्या मागे त्यांचं कोपर सापडेल. आणि नोकरीत कायम तोंडावर मास्क.

"मी बरे करून पाठवलेले लोक रस्त्यात मला ओळखत नाहीत हो," त्या मला म्हणाल्या. "एकदा माझं तोंड नीट छापून येऊ दे."

एवढीच बाईची मागणी. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन मोकळ्या झाल्या असत्या, पण नापासराव दुखावले. "घरात कॅमेरा असताना परका माणूस तुझा फोटो काढणार? अगं, लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे मी. मी काहीच म्हणणार नव्हतो. निदान त्यांच्यासमोर.

मग त्यांनी जाहीर केलं की कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सने चेहरा खुलत नाही, त्याला प्राइम लेन्स लागते. प्राइम म्हणजे काय, हे त्यांनी मला जिन्यात, वाण्याकडे आणि दाताच्या दवाखान्यातही सांगितलं. ती ना जवळ येते ना लांब जाते. पुढेमागे व्हायचं ते आपणच. मागचं सगळं धुरकट करते आणि चेहरा उठून दिसतो. "म्हणजे तुमच्यासारखीच," मी म्हणालो. "स्वतः हलायचं नाही, बायकोला हलवायचं." ते ऐकतच नव्हते.

दुकानात मीही गेलो. अशी करमणूक फुकट कुठे मिळते? दुकानदाराने कॅमेरा पाहिला आणि एक छोटीशी काळी लेन्स काउंटरवर ठेवली. "ही पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची घ्या. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यावर चेहऱ्यासाठी हीच बेस्ट. आकडा वाढला की फार मागे सरकावं लागतं, हिने घरातच भागेल, खिशालाही परवडेल."

"इतकी स्वस्त का?"

"खूप खपते म्हणून."

"नाही, काहीतरी गोम असणार." नापासरावांनी लेन्स ट्यूबलाइटसमोर धरली, एक डोळा मिटला आणि विजयी चेहऱ्याने म्हणाले, "आत धूळ आहे."

दुकानदाराने दुसरी दिली. तिच्यातही कण. तिसरीत दोन.

"अहो साहेब, तो कण फोटोत येत नाही. लावून काढून बघा ना एक फोटो!"

"आम्ही बाटली पिऊन बघतो का? उजेडात धरली की कळतं."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. आम्ही रिकाम्या हाताने परतलो. दारात सिस्टर उभ्याच होत्या. "आणली?" त्यांनी विचारलं. "सगळा लॉट खराब आहे," नवरा म्हणाला. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढण्यात गर्क झालो.

अशी कितीतरी दुकानं झाली. प्रकाशकाचे फोन येत राहिले. शेवटी सिस्टरचा भाऊ, जो लग्नांचे फोटो काढतो, आपली पंच्याऐंशीची लेन्स घेऊन आला. "भाऊजी, ही महागातली आहे. उजेडात धरू नका, कॅमेऱ्याला लावा."

लावली. सिस्टर चांगली साडी नेसून खुर्चीत बसल्या. नापासरावांनी डोळा लावला तर लेन्समध्ये नुसतं नाक आणि एक गाल. मागे सरकले, कपाट आलं. कपाट टाळून मागे सरकले, दार आलं. दार उघडून जिन्यात गेले, तिथून माझ्या उंबऱ्यावर, आणि अखेर माझ्या पायावर. तेव्हा कुठे बाईंचे खांदे दिसू लागले.

"हसा!" ते स्टुडिओवाल्याच्या थाटात जिन्यातून ओरडले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू कपड्यांची बादली घेऊन मध्ये आल्या. त्यांना वाटलं, आपल्यालाच सांगतायत. त्या हसल्या आणि तिथेच थांबल्या.

"काकू, तुम्ही नाही!"

"मग घरचा फोटो घरात काढा की! जिना काय तुमच्या मालकीचा आहे?"

तरी काकू गेल्यावर बरेच फोटो निघाले. सिस्टर पाणी प्यायला आत गेल्या. तेवढ्यात ह्यांनी एकेक फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. एका डोळ्याची पापणी न् पापणी मोजता येत होती, पण कान धूसर. नापास. दुसऱ्यात ओठांची कड किंचित पुसट. नापास. सिस्टर बाहेर आल्या तेव्हा सगळेच पुसून झाले होते.

"दाखवा ना."

"एकही पास झाला नाही."

"म्हणजे?"

"टाकले."

बाई ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची उचलून जागेवर ठेवली. त्यातच प्रकाशकाचा फोन आला: संध्याकाळपर्यंत फोटो नाही आला, तर मागचं पान फोटोविनाच छापायला जाईल. सिस्टरनी "येईल" म्हटलं, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि पर्स घेऊन जिना उतरल्या. मागे नवरा, त्याच्यामागे मी.

पहिल्याच दुकानात शिरून त्या म्हणाल्या, "ती पन्नासची द्या. वरची असेल ती."

"अगं, निदान बघून..."

"तुम्ही हात लावायचा नाही."

दुकानदाराने इतक्या आनंदाने पिशवी दिली की मला वाटलं, पैसे घ्यायलाच विसरतो.

घरी येऊन खुर्ची खिडकीपाशी ओढली. नवी लेन्स लावून नापासराव दोन पावलं मागे सरकले, आणि काय आश्चर्य, कपाटाच्या अलीकडेच थांबले. बाई डोक्यापासून छातीपर्यंत नीट मावल्या होत्या.

"आता ऐका," सिस्टर म्हणाल्या. "काढायचं तुम्ही. पास करायचं मी. एकदा दाबायचं आणि कॅमेरा माझ्या हातात."

आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाच्या मालाची तपासणी होणार होती. घाम फुटला हो त्यांना! "जरा मान... उजेड जरा... भुवई खाली घे ना."

"दाबा!"

दाबलं. सिस्टरनी पडदा पाहिला. एक बट कानामागून सुटलेली, एक भुवई चढलेली, ओठ घट्ट.

"पास," त्या म्हणाल्या.

"अगं, भुवई बघ! चिडलेली दिसतेयस!"

"चिडलेलीच आहे. इतकी वर्षं संसार केलाय तुमच्याशी. हे माझंच तोंड आहे, जाऊ दे छापायला."

नवरा दोन दिवस जेवताना त्या भुवईबद्दल बोलत राहिला. चोरून प्रकाशकाला फोनही केला. तिकडून उत्तर आलं की लेखिकाबाईंनी आधीच बजावलंय, यजमानांचा फोन आला तर 'हो हो' म्हणायचं आणि ठेवून द्यायचा.

पुस्तक आलं. परवा बाजारात एक बाई सिस्टरना अडवून म्हणाली, "तुम्हीच ना त्या? फोटोवरून ओळखलं. अहो, आमचे सासरे औषध घ्यायला कुरकुरले की मी पुस्तक उलटं करून तुमचा फोटो त्यांच्यासमोर धरते. मुकाट्याने घेतात!"

सिस्टर भर रस्त्यात पोट धरून हसल्या. नापासराव शेजारीच उभे होते. मला हळूच म्हणाले, "बघा, आत्ता हसतेय. आणि कॅमेरा घरी."