शिवाकाकांना घाई नव्हती

आज वायफाय मिनिटभर बंद पडलं आणि पोरांनी घर डोक्यावर घेतलं. मला कळंब्याच्या घरातला मोडेमचा करकर आवाज आठवला.

तेव्हा गल्लीत फोन फक्त आमच्याकडं. त्याच लाइनवर मी जुन्या कॉम्प्युटरला इंटरनेट जोडत होतो. तेवढ्यात शेजारचे शिवाकाका फोन करायला आले आणि उंबऱ्यावर बसले.

"तुझं होऊ दे की आधी. मला काय घाई न्हाय."

कनेक्शन सारखं तुटायचं. शेवटी लागलं, तेव्हा माझ्याआधी काकांनी टाळी वाजवली. मी लाइन सोडली. त्यांनी गारगोटीच्या दवाखान्याचा नंबर फिरवला.

"आमची पोरगी बाळंत झाली का वं?"

संध्याकाळी त्यांनी आणलेल्या जिलेबीचा पहिला तुकडा माझ्या हातावर होता.

नेट गेलं की मी आता ओरडत नाही. उंबऱ्याकडं बघतो.