मंत्रीणबाईंचे जळाऊ पुतळे

बाई गेल्या तेव्हा शोकसभेत सर्वांत जास्त रडले ते विरोधी पक्षाचे लोक. आधी मंत्र्याची बायको, मग मंत्र्याची आई म्हणून बाई जवळजवळ आयुष्यभर सरकारी बंगल्यात राहिल्या, आणि त्या सरकारविरुद्ध जाळायचे पुतळे त्यांनीच करून दिले. पहिल्या रांगेत मुलगा, म्हणजे सध्याचे उद्यानमंत्री, मान खाली घालून सगळं ऐकत होता.

सुरुवात रागातून झाली. मोर्चेकऱ्यांनी फाटकापुढे थोरल्या मंत्र्यांचा पुतळा आणला, तर त्याला नाकाच्या जागी चक्क बटाटा. बाई तरातरा खाली उतरल्या.

"यांचं नाक असं आहे का? जरा बघून तरी करावं माणसानं," म्हणाल्या आणि पुतळा काखोटीला मारून घरात घेऊन गेल्या. तासाभरानं कागदाच्या लगद्याचं नवं नाक लावून, नवऱ्याचा जुना कोट चढवून परत आणून दिला. "हं, आता जाळा."

तेव्हापासून बाईंचं बस्तानच बसलं. मागच्या खोलीत पेंढा, चिंध्या आणि खळीचं पातेलं. पण ऐऱ्यागैऱ्याचं काम त्या घेत नसत. आधी मागण्यांचं निवेदन वाचायच्या. कारण पटलं तरच पुतळा, नाहीतर चहा पाजून वाटेला लावायच्या. थोरले मंत्री संध्याकाळी हळूच खोलीत डोकावत. पेंढा भरलेला दिसला की बहुतेक वेळा मुकाट्यानं निर्णय मागे घेत, आणि केलेला पुतळा वाया गेला म्हणून बाई दोन दिवस फुरंगटून बसत. हट्टाला पेटले तेव्हा मात्र जळले. असे एकोणचाळीस वेळा.

ते गेल्यावर दोन वर्षांनी मुलगा मंत्री झाला. बाई तेव्हा शहाऐंशीच्या. खातं मिळालं उद्यानांचं, आणि उद्यानांवर कोण चिडणार? तीन वर्षांत एक मोर्चा नाही. हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. बापाच्या नाकाडोळ्यांचा अभ्यास करणारी आई त्यानं लहानपणापासून पाहिली होती. त्याच्याकडे ती बघायची ती ताटात काही हवंय का एवढ्यापुरती. एकदा त्यानं लाजतलाजत विचारलं, "माझा एखादा कर ना."

"ऑर्डर कुठाय?" आई म्हणाली.

मग त्यानं गवताला विश्रांती म्हणून उद्यानं बारा ते पाच बंद केली. निवृत्त मंडळी खवळली. त्यांचे अध्यक्ष, एक म्हातारे पोस्टमास्तर, निवेदन घेऊन आले. बाईंनी चष्मा लावून वाचलं.

"शुद्ध मूर्खपणा आहे," त्या म्हणाल्या. "करते."

दुसऱ्या दिवसापासून मुलगा स्टुलावर बसू लागला. आईची बोटं त्याच्या कपाळावरून, गालांवरून फिरत हनुवटीशी थांबली.

"हा व्रण कसला?"

"सायकलवरून पडलो होतो. नववीत."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू कामात होतीस."

बाई बराच वेळ लगदा मळत राहिल्या. मग म्हणाल्या, "निर्णय चुकलाय, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग मागे घे."

"घेतला तर तू थांबशील."

त्यांनी लगद्याचा नवा गोळा हातात घेतला. नाक झालं, कान झाले. "डोळे राहिलेत," त्या म्हणाल्या. "तेवढे झाले की घे."

बापाचे डोळे त्या दोन तासांत उरकत. याच्या डोळ्यांना पाच आठवडे झाले. रोज त्याला समोर बसवायच्या, टक लावून बघायच्या, लगदा लावायच्या आणि पुन्हा काढायच्या. पोस्टमास्तर तिसऱ्यांदा आले तेव्हा वैतागले होते.

"बाई, आमची मंडळी उन्हात ताटकळतायत हो."

"काय करू, जमतच नाहीयेत डोळे."

पोस्टमास्तरांनी स्टुलावरच्या मंत्र्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "सावकाश होऊ द्या," म्हणाले आणि छत्री उघडून निघून गेले.

सहाव्या आठवड्यात बाई गेल्या. मुलानं त्याच दिवशी उद्यानं उघडली आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. पुतळ्याला डोळे नव्हतेच. त्या जागी आईच्या अंगठ्याचे ठसे होते, एकावर एक, कितीतरी.