पाणी सोडणारे अण्णा

व्हॉल्व्हवर लोखंडी सळई उभी करायची, तिचं वरचं टोक दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत पाणी सोडणारे अण्णा असे उभे राहिले, की बादल्या घेऊन आलेल्या आम्ही सगळ्या गप्प. पाणी सोडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण असं सळईतून पाणी चाखून सोडणारा माणूस मी इथे येण्याआधी पुण्यात तरी पाहिला नव्हता.

"आली," ते पुटपुटत. "कावेरी आली. लांबून चढून आलीय अक्का, दमलीय. स्वल्प थांबा."

अण्णांच्या घरची भाषा मराठी, पण ते पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेली. धूसर पहाटे ते असं म्हणाले, की रस्त्याखालून खरंच कुणीतरी पाय ओढत येतंय असं वाटायचं. मग नळ खोकायचा आणि मी भानावर यायचे.

चढावरच्या गल्लीत एकेका खोलीतले संसार. तिकडे पाणी चढेना, म्हणून आमचा व्हॉल्व्ह ते अर्धाच उघडत. कुणी दम दिला तर "सरी, सरी" म्हणून मान डोलावत आणि व्हॉल्व्हची किल्ली तेवढीच फिरवत. बायको गेल्यापासून त्यांचा सगळा जीव या पहाटेच्या फेरीत होता. "ही कावेरी आहे म्हणून मी उठतो अक्का," एकदा म्हणाले होते.

त्या उन्हाळ्यात आमची टाकी लागोपाठ तीनदा कोरडी राहिली. मी मुळात फटकळ. पाठमोऱ्या अण्णांना ओरडले, "अहो अण्णा! आम्ही काय आंघोळी करायच्या नाहीत?" वळलेसुद्धा नाहीत. एवढा माज! रागाच्या भरात पाणीखात्यात तक्रार ठोकली : माणूस उर्मट आहे, हाकेला ओ देत नाही.

साहेबांनी बोलावून चौकशी केली, तेव्हा कळलं. अण्णांना कित्येक वर्षं ऐकूच येत नव्हतं. आमचं बोलणं ते ओठांवरून ओळखत, पाण्याचं दातांत धरलेल्या सळईच्या थरथरीतून. ऐकू न येणारा माणूस रस्त्यावर नको म्हणून साहेबांनी फेरी काढून घेतली, त्यांना गोदामात बसवायचं ठरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फेरीच्या शेवटच्या दिवशी ते नव्या माणसाला व्हॉल्व्ह दाखवायला आले. मी धीर करून समोर गेले. "तक्रार मी केली होती अण्णा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"खरंच लिहिलंत अक्का," म्हणाले. "ओ दिली नव्हती मी."

नव्या माणसाला हातानं चढ दाखवून, किल्ली अर्धीच फिरवायची खूण करून ते चालू लागले.

"चुकलं माझं," मी म्हणाले. पण तोवर त्यांची पाठ फिरली होती.