मतदार यादीतलं माझं नाव

अबुधाबीच्या वाळवंटात तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या एका कंपनीच्या कॅम्पवर मी स्टोअरकीपर होतो. साठ सालानंतरची गोष्ट. मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा माणूस, आणि तिथे नजर जाईल तिथवर पाण्याचा टिपूस नाही. माझी गट्टी जमली ती एका अमेरिकन ड्रिलरशी. माणूस तोंडाळ, पण मनाने साफ. त्याला स्वतःच्या गावाबद्दल बोलायची हौस आणि मला ऐकायची, कारण ऐकता ऐकता मी माझ्याच गावात फिरून येत असे.

त्याचं गाव दीड-दोन हजार वस्तीचं, मधून रेल्वेचा रूळ गेलेला. रुळाच्या अलीकडे जमीनजुमलेवाले, ते पिढ्यान्‌पिढ्या एका पक्षाचे. पलीकडे पिठाच्या गिरणीतले कामगार, ते दुसऱ्या पक्षाचे. घर बघून मत सांगता येतं, असं तो म्हणे. हा अलीकडचा, पण याने पलीकडची मुलगी केली, आणि तेव्हापासून बापाचा याच्या मतावरचा भरवसा उडाला होता. मी म्हटलं, यात नवल ते काय, आमच्याकडेही हेच. वरच्या मोहल्ल्यातले जहाजांवर नोकरी करणारे, ते बैलजोडीच्या निशाणीवाले. खालच्या मोहल्ल्यातले होडीवाले, ते झोपडीच्या निशाणीवाले. निवडणूक जवळ आली की शुक्रवारच्या नमाजानंतर वरची वडीलधारी मंडळी मशिदीच्या ओट्यावर बसत आणि मत कुणाला द्यायचं ते चहा संपायच्या आत ठरवत. माझे बाबा तेवढे उठून घरी येत. ते गावातले शाळामास्तर. मत चारचौघांना विचारून द्यायची गोष्ट नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

एका ऑक्टोबरात आठवड्याच्या विमानाने ड्रिलरच्या नावाचं जाड पाकीट आलं. आत मतपत्रिका. एवढ्याशा गावाने सात समुद्रांपलीकडे आपला माणूस शोधून काढून त्याला विचारलं होतं, बाबा रे, तुझं काय म्हणणं आहे? माझ्याच टेबलावर बसून त्याने खूण केली आणि पाकीट चिकटवलं. परदेशातून गावात जाणारं हे एकच पाकीट, तेव्हा मत कुणाला दिलं ते बापाला कळणारच, म्हणून तो स्वतःशीच हसला. मग त्याने विचारलं, तुझं कधी येणार? मी छाती पुढे काढून सांगितलं की आमच्या निवडणुका थंडी सरताना आहेत, तेव्हा येईल.

धडधडीत थाप होती ती. आमच्याकडून असलं काही येत नसे. पण यादीत माझं नाव आहे, हे मात्र खरं होतं, आणि मला तेवढं पुरत होतं. मत द्यायला जाता येणार नव्हतं, हे काय मला कळत नव्हतं? तरी गावच्या कुठल्यातरी कागदावर बाबांच्या खाली, आईच्या खाली मी अजून आहे, या विचाराने मला बरं वाटे. त्या कॅम्पवर मला घराची फार, फार आठवण येई.

पण त्याच वर्षी यादी दुरुस्त व्हायची होती, आणि आमच्या गावात ते काम बाबांच्याच गळ्यात होतं. घरोघर जायचं, कोण राहतं, कोण वारलं, कोण गाव सोडून गेलं ते लिहायचं. मी त्यांना पत्र घातलं. एरवी खुशाली कळवून मोकळा होणारा मी, त्यात फक्त एक मागणं लिहिलं, की माझं नाव तेवढं राहू द्या.

नंतर दर विमानाला ड्रिलर विचारी, आलं का तुझं पाकीट? मी म्हणे, येईल. वाट मात्र मी दुसऱ्याच कागदाची बघत होतो.

डिसेंबरात बाबांचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, "मोहल्ल्यातली परदेशी गेलेल्यांची नऊ नावं मी माझ्या हाताने कमी केली. दहावं तुझं. आपल्या घरी यादी उघडून बसलो तेव्हा तुझी आई म्हणाली, जेवायला नसतो म्हणून काय तो घरचा नाही? नाव कमी केलं आहे. तब्येतीस जपावे."

ते पत्र मी खिशात घालून आठवडाभर हिंडलो. पुढचं विमान आलं, आणि ड्रिलरने विचारलं तेव्हा मी सगळं खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, माझा बाप माझ्याशी धड बोलत नाही, पण त्याच्या हातात यादी असती तर त्याने माझं नाव ठेवलं असतं. मला त्याचा संताप आला. माझे बाबा काय आहेत हे याला काय कळणार, असं मनात म्हणत मी नटबोल्टांच्या पेट्या उगाचच इकडच्या तिकडे केल्या. खरं तर मला त्याचा हेवा वाटला होता.

त्या संध्याकाळी मी बाबांना लिहिलं, की दुसऱ्यांच्या घरची नऊ नावं कापल्यावर माझं ठेवणं शोभलं नसतं. तुम्ही केलंत तेच योग्य. अक्षर अगदी वळणदार काढलं, त्यांना आवडायचं तसं. लिहिलेलं सगळं बरोबरच होतं. फक्त एवढंच लिहिलं नाही, की जन्मभर खरं लिहिणाऱ्या त्या माणसाने एकदाच, एका ओळीपुरतं, माझ्यासाठी खोटं लिहायला हवं होतं.