आठ फोटो आणि एक धोटा

शहापुरात आमच्या घरी दोन माग होते. एक आबांचा, दुसरा माझा. माझा म्हणजे आबांनी मला नेमून दिलेला. त्यावर बसायचं नाही एवढं एकच धोरण मी त्या वयात उराशी बाळगून होतो. तरी दोन वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, धोटा सुतातून इकडून तिकडं, तिकडून इकडं फेकत लुगडी विणली आणि जीव विटला. सुटकेची वाट एकच दिसत होती, कॅम्पातला फोटो स्टुडिओ.

तिथल्या मालकांना गिऱ्हाइकामागे सोडायचा पडदा फोटोवरून नव्यानं रंगवून घ्यायचा होता. जुन्या पडद्यावर विलायती तळं आणि हंस होते, आणि त्यापुढे बसलेली आपली माणसं परक्या घरी जेवायला बसल्यासारखी अवघडून जात. मालक मला म्हणाले, "आपल्या मुलखाची सिनेरी आण. एक जरी धड निघाली तर तुला ठेवून घेतो. न्हाय निघाली तर आबांचा माग हायच."

त्यांनी मला एक जुना डब्यासारखा कॅमेरा आणि आठ फोटोंचा रोल दिला. बाजूला एक कळ होती. ती खाली ओढली की एक फोटो. मग फिल्म फिरवायची आणि कळ वर ढकलली की दुसरा. "एका फोटोला कळ एकदाच. मग हात लावायचा न्हाय," त्यांनी बजावलं. मी मान डोलावली. त्या काळी मला सगळंच कळत होतं.

मामाची सायकल मागून घेतली, फडक्यात भाकरी आणि खर्डा बांधला आणि पहाटेच जांबोटीचा रस्ता धरला. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती आणि हवा अशी स्वच्छ की लांबचा डोंगर हाताला लागेल असं वाटे. जन्मात पहिल्यांदा मी एकटा कुठं निघालो होतो. त्या तोऱ्यात मी मुलगी बघायला निघालेल्या नवऱ्यामुलासारखा वागू लागलो. हा डोंगर बुटका, तो ओढा काळसर, ही झाडी फारच दाट. नाकं मुरडत मुरडत जांबोटीपर्यंत सात फोटो काढले. दर वेळी कॅमेरा पोटाशी धरायचा, श्वास रोखायचा, कळ ओढायची आणि हुश्श करायचं. सातही सिनेऱ्या फक्कड साधल्याची माझी खात्री होती.

आठव्यासाठी जांबोटीच्या पुढं एक जागा हेरली. खाली खाचरं, मागं डोंगराची रांग, आणि बरोबर मध्ये एक म्हैस. तिच्याजवळ एक म्हाताऱ्या आक्का उभ्या होत्या.

"आक्का, म्हस जरा बाजूला घ्या की. सिनेरी काढतोय," मी म्हणालो.

"का रं? दुधाची म्हस हाय. तुज्या सिनेरीत बसंना व्हय?"

"डोंगर काढायचाय मला."

"डोंगर काय दूध देतोय?" असं म्हणून त्यांनी पदरानं म्हशीचं तोंड पुसलं आणि तिच्या गळ्यात हात टाकून उभ्या राहिल्या. "काढ."

मी कळ ओढली आणि हुश्श करायच्या आतच "झालं?" म्हणत त्या पुढं आल्या आणि माझ्याजवळच झाडाखाली ठेवलेला ताकाचा तांब्या माझ्या हातात दिला. शेवटचा फोटो म्हशीवर गेला म्हणून मी ताक जरा रागातच प्यालो. पण दुसरा तांब्याही घेतला.

चार दिवसांनी मालकांनी फोटो धुऊन टेबलावर मांडले. सातही फोटोंत एका डोंगराचे दोन डोंगर झाले होते. देवळाला दोन शिखरं, नदीवर नदी.

"हात कापतोय तुजा. कापऱ्या हाताला हितं काय काम?" मालक म्हणाले. आठवा फोटो मात्र लख्ख आला होता. म्हशीच्या पापण्यासुद्धा मोजता आल्या असत्या. "ही बेस आलीया. पर म्हशीम्होरं गिऱ्हाईक बसवू व्हय मी?"

मी फोटो घेऊन घरी आलो आणि गुमान मागावर बसलो. आबांनी फोटो मागून घेतले आणि कापडातली चूक शोधावी तसे उजेडात धरून एकेक पाहिले.

"कसा काढलास, दाव," ते म्हणाले.

मी त्यांचा पानाचा डबा पोटाशी धरून कळ ओढल्यासारखं केलं.

"पुन्यांदा."

पुन्हा केलं.

"म्हशीच्या वक्ताला हातात काय होतं?"

"काढल्या काढल्या ताकाचा तांब्या दिला आक्कांनी."

आबा हसले. "आंगठा बघ तुजा. जातोय आणि तसाच परत येतोय. गेला धोटा परत आणायचा, ह्ये तुज्या हातानं पक्कं धरलंय."

मी अंगठ्याकडे बघत राहिलो. मागापासून पळायला वीस मैल सायकल हाणली, आणि माग अंगठ्यात बसून बरोबर आला होता. एका फोटोला मी दोनदा कळ हलवत होतो, एकावर एक दोन फोटो उमटत होते, आणि मला पत्ता नव्हता.

आबा उठले. कामाच्या दिवशी चालू माग सोडून ते उठलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी पटका बांधला आणि मला घेऊन चालत कॅम्पात आले. मालकांना म्हणाले, "पोराचा हात कापत न्हाय. मीच तसा वळवलाय. दोन वर्सं लागली मला. तुमास्नी सोडवाया थोडा येळ लागंल."

मालकांनी मला तिथल्या तिथं कळ ओढून दाखवायला लावली, खो खो हसले आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

घरी माझ्या मागावर एक लुगडं अर्ध्यावर राहिलं होतं. ते आबांनी स्वतःचं काम संपवून, रोज थोडं थोडं विणून पुरं केलं.