सोडून दिलेला शेवट

पूर्णा इथल्या महाविद्यालयात बन्सीधर मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी ग्रीकांचं एक महाकाव्य इंग्रजीवरून मराठीत आणायला घेतलं. युद्धावरून घरी परतणाऱ्या राजाची ती गोष्ट. काम निम्म्यावर असताना पत्नी कमलबाई वारल्या. घरात ते आणि थोरली बहीण मालनबाई, दोघंच उरले. मालनबाईंची नजर गेलेली. दुपारी जेवणानंतर बन्सीधर वाचून दाखवत आणि त्या शेंगा फोडत ऐकत.

शेवटाशी ते अडखळले. राजा-राणी वीस वर्षांनी भेटतात, तिथंच मूळ काव्य संपतं, पुढचं कुणीतरी मागाहून जोडलं, असं अलेक्झांड्रियाच्या जुन्या विद्वानांचं मत होतं. एखाद्या ओळीचा संशय आला की हे विद्वान तिच्या डावीकडे एक आडवी रेघ ओढत; ओळी मात्र खोडत नसत. बन्सीधरांनी तो भागच गाळला. नवरा-बायकोच्या भेटीवर गोष्ट थांबावी, असं त्यांनाच वाटत होतं.

ती भेट वाचून त्यांनी चष्मा काढला. "संपलं, अक्का."

"कसं संपल? ती मेलेली माणसं अजून खाली जायलीत की."

"कोणती माणसं?"

"वटवाघळांवानी चिरकायलीत. म्होरं एक जण हाय, त्याच्या हातात काठी हाय."

गाळलेल्या भागात हेच होतं: राजानं मारलेल्यांचे आत्मे चिरकत एका काठीवाल्या देवामागून पाताळात उतरतात; आणि बन्सीधरांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"कमल सांगायलीय." मालनबाईंनी भिंतीलगतच्या रिकाम्या पलंगाकडे मान वळवली. "लय घाई करायलीय. मलाबी त्यांच्यासंगं जायचंय म्हणती. तुमच्या भावानं वाट अडवलीय म्हणती."

पलंगावरची चादर जरा खचल्यासारखी दिसत होती. बन्सीधर उठून जवळ गेले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते गाळलेला भाग लिहायला बसले. मुद्दाम सावकाश लिहीत. दिवाळी गेली, ज्वारी पोटऱ्यात आली. शेवटी एका दुपारी त्यांनी मेलेल्यांना पाताळात पोचवलं आणि ते वाचून दाखवलं.

मालनबाईंनी पलंगाकडे कान दिला. मग म्हणाल्या, "गेली रे."

पुस्तक छापून आलं, त्यात तो भाग आहे. प्रत्येक ओळीच्या डावीकडे आडवी रेघही आहे. पण घरी वाचताना बन्सीधर अजून राजा-राणीच्या भेटीवरच थांबतात आणि विचारतात, "अक्का, कुणी काही बोललं का?"

"न्हाई," मालनबाई म्हणतात. "तू वाच म्होरं."