डायरेक्टरसाहेबांसाठी राखलेला ढीग

पऱ्हाटीचा ढीग मी वेळेत जाळला नाही, फोटोसाठी ठेवला. चूक एवढीच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सिमेंट प्लांटमध्ये मी सस्टेनेबिलिटी मॅनेजर आहे. म्हणजे दिवसरात्र कोळसा खाणाऱ्या कारखान्यात बसून कार्बन कमी करायच्या स्लाइड्स बनवणारा माणूस. स्लाइडबाहेरही काही करावं म्हणून मी शेतकऱ्यांकडून पऱ्हाटी घेतली. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या वाळक्या झाडांच्या काड्या. श्रेडरमध्ये बारीक करायच्या आणि किल्नमध्ये, म्हणजे आमच्या मोठ्या भट्टीत, कोळशासोबत जाळायच्या. योजना चांगली होती. पण ढिगासोबत फोटो काढायला डायरेक्टरसाहेब मार्चमध्ये येणार होते. मग मेमध्ये. मग ‘पावसाळ्यात बघू’. तोवर मी ढिगाला कुणाला हात लावू दिला नाही. वर हिरवा बोर्डही ठोकला.

ऑगस्टमध्ये सुमनताई गेटवर आल्या. कंपाउंडपलीकडची चार एकर कपाशी त्यांची. मुठीत गुलाबासारखं मिटलेलं फूल.

“साहेब, हे वळखता?”

“कपाशीचं फूल.”

“डोमकळी हाय.” त्यांनी ते फोडलं. आत अळी वळवळत होती. “बोंडअळी. तुमच्या पऱ्हाटीच्या सुकल्या बोंडाईत बसली व्हती. पाखरं होऊन माह्या वावरात आली. आता सारी कपाशी खाईन थे.”

“पण ताई, ते ग्रीन फ्युएल आहे.”

“मंग अळीले सांगा ना तसं!”

प्लांट हेडनी विचारलं, “ढीग आत्तापर्यंत ठेवला कशाला?”

“सर, व्हिजिटसाठी.”

“झाली ना व्हिजिट. अळीची.”

त्याच दिवशी श्रेडर सुरू केला. पऱ्हाटी पावसानं चिंब. ती जळावी म्हणून उलट जादा कोळसा घालावा लागला. त्या महिन्याचा आलेख मी स्लाइडवर फार बारीक काढला.

कंपनीनं ताईंच्या वावरात पतंग पकडायचे सापळे लावले. डोमकळ्या तोडून नष्ट करायला रोज सकाळी मी स्वतः जायचो.

“थे चांगलं फूल हाय, कायले तोडता?” हे मी ताईंकडून आठ दिवस ऐकलं.

थोडं नुकसान झालं, पण कपाशी वाचली. आता पऱ्हाटी उपटली की शेतातच बारीक होते आणि थेट किल्नमध्ये जाते. फोटो भुशाचा काढतो.

डायरेक्टरसाहेब अखेर वेचणीच्या दिवसांत आले. त्यांनी सुमनताईंना विचारलं, “आमचे मॅनेजर कसे आहेत?”

“मानूस चांगला हाय हो,” ताई म्हणाल्या. “फक्त त्याले काही सुचू देऊ नोका.”